शेजारच्या बाई 'बार्बरशॉप कोरस'च्या सरावाला बोलावतायत. हे काय असतं, आणि हिंदुस्थानी गाणं शिकलेल्या मला तिथे जमेल का?

जमेल. नोटेशन वाचता येत नाही याची काळजी सोडा. त्रास होणार आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो तुमच्या 'मध्यमा पूर्ण' परीक्षेपर्यंतच्या शास्त्रीय शिक्षणामुळेच होणार आहे. त्यावर येतेच.

तुम्ही लिहिलंय की ओहायोत येऊन वर्ष झालं, शेजारच्या सत्तरीतल्या बाई दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये गायला जातात आणि 'एकदा येऊन तर बघ' म्हणून मागे लागल्यात. हे धार्मिक प्रकरण आहे का, नोटेशनशिवाय निभेल का आणि हे फक्त गोऱ्यांचंच असतं का, अशा तुमच्या तीन शंका आहेत. मी इकडे मिडवेस्टातच अशा एका बायकांच्या कोरसमध्ये बरीच वर्षं गातेय. बेस गाते. हो, बायकांतही बेस असतो. भागांची नावं पुरुषांकडून जशीच्या तशी घेतलीत, त्यामुळे नऊवारी नेसून उभं राहिलं तरी आम्ही टेनर, लीड, बॅरिटोन आणि बेसच.

पहिल्या दोन शंका लगेच मिटतील. सराव चर्चमध्ये होतो कारण तिथे भाडं कमी, पार्किंग भरपूर आणि खुर्च्या आयत्या. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात योगवर्ग भरतो तसंच. गाणी बहुतेक प्रेमाची, आईची, गावाच्या आठवणींची, अमेरिकेतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाची. नाताळात तेवढी येशूची. आणि नोटेशनचं म्हणाल तर प्रत्येक गाण्याचे लर्निंग ट्रॅक मिळतात. एका कानात फक्त तुमचा भाग, दुसऱ्या कानात बाकीचे तीन. गाडी चालवताना, भांडी लावताना ऐकत राहायचं. आमच्याकडच्या बऱ्याच जणी कागद हातात धरतात तो शब्दांपुरता.

आता मुळात हे आहे काय ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय ही माणसं एवढी वेडी का असतात ते कळणार नाही.

वाद्य नाही. चार आवाज, चौघी एकाच वेळी एकच शब्द म्हणतात, पण चार वेगवेगळ्या स्वरांवर. चौकडीत प्रत्येक भागाला एकच जण, कोरसमध्ये अनेक जणी. मुख्य चाल लीडकडे. टेनर तिच्या वर, अगदी हलक्या आवाजात. बेस खाली, भक्कम. आणि बॅरिटोनला उरलेला स्वर, तो कुठेही असो, कधी लीडच्या खाली, कधी उडी मारून वर. बॅरिटोनचा भाग एकटीने गाऊन दाखवला तर ते कोणतं गाणं आहे हे तिच्या सख्ख्या बहिणीलाही ओळखता येणार नाही. म्हणून बॅरिटोनवर जितके विनोद आहेत तितके इतर तिघींवर मिळून नाहीत.

सुरुवातीला पिच पाइप नावाच्या गोल चपट्या पिपाणीवर एक स्वर फुंकतात. बस, तेवढाच आधार. पुढे चौघी एकमेकींवर सूर लावतात.

तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तुमच्या गाण्याच्या बाईंनी तो तुम्हाला कधीतरी डोळे मिटून ऐकायला लावला असेलच. स्वयंभू गंधार. गंधाराची तार कुठेच नाही, तरी गंधार आहे. बार्बरशॉपवाले जन्मभर त्याच्याच मागे असतात. चार गळ्यांची कॉर्ड, म्हणजे एकदम लागलेले चार स्वर, बरोबर जुळली की वर कुठेतरी एक पाचवा स्वर वाजायला लागतो, जो कोणीच गात नसतं. याला ते 'रिंग' म्हणतात. त्यांची सगळ्यात लाडकी कॉर्ड म्हणजे सा, ग, प आणि कोमल नी, आणि ती कंपनांच्या ४:५:६:७ या प्रमाणात लावली की चारही आवाजांचे वरचे अंश, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे बारीक स्वर, एकमेकांवर येऊन बसतात.

पियानोवर हे होत नाही. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर पियानोचा गंधार या नैसर्गिक गंधारापेक्षा १४ भाग चढा असतो. पेटीचा गंधार चढा म्हणून आपल्याकडे किती कडाक्याची भांडणं झाली ते तुम्हाला माहीत आहेच, त्यात सूर तुमच्याच बाजूने आहे. म्हणून म्हटलं जमेल. इथल्या पियानोवर वाढलेल्या बायकांना जो गंधार समजावून सांगावा लागतो, तो तुमच्या गळ्यात आधीच बसलेला आहे.

पण निषाद! पियानोचा कोमल नी या सातव्या अंशापेक्षा ३१ भाग चढा आहे, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आपण क्लासमध्ये शिकलेला कोमल नी पियानोच्या आसपासच असतो. इथे त्याच्याही बराच खाली उतरायचं. पहिल्या काही आठवड्यांत माझ्या शेजारची बॅरिटोन तो लावायची तेव्हा मला ती सरळसरळ उतरलेली वाटायची, आणि तेवढ्यात समोरची डायरेक्टर खुशीत मान डोलवायची. मग एके दिवशी कॉर्ड लागली, डोक्यावर काहीतरी घंटेसारखं वाजलं आणि तो उतरलेला निषादच त्याला जबाबदार आहे हे कानाला पटलं. शब्दांत सांगून पटणारं नाही ते.

दुसरा त्रास स्वरांच्या मधल्या जागेचा. आपण गातो ते मधल्या जागेतच. मींड, कण, हलकंसं आंदोलन हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण काही करतोय हे आपल्याला कळतही नाही. इथे चार जणींनी एका क्षणी स्वर सोडायचा आणि एका क्षणी पुढचा धरायचा. तुम्ही जराशी ओढत गेलात की तेवढा वेळ कॉर्ड गढूळ. मुरकी घेतलीत तर सगळ्या कौतुकाने वळून बघतील आणि डायरेक्टर हसून म्हणेल, 'फार सुंदर, आता ती काढून टाक.' समही शोधू नका. संथ गाण्यात ठेका नसतोच, तिचा हात हाच ताल.

तिसरा, उच्चार. यावर आमच्याकडे सरावाचा एवढा वेळ जातो की नव्या माणसाला वाटावं हा इंग्रजीचा क्लास आहे. 'नाइट' हा शब्द चार मात्रांचा असला तर आपण 'ना' म्हणून लगेच 'इ'कडे पळतो. इथे जवळजवळ चारही मात्रा 'ना' वरच उभं राहायचं आणि 'इट' अगदी कडेला, सगळ्यांनी एकदम. पन्नास तोंडांतला 'आ' एकाच आकाराचा नसेल तर सूर बरोबर असूनही रिंग येत नाही, कारण 'आ'चा आकार बदलला की आवाजातले वरचे अंश बदलतात. एकदा आमच्या डायरेक्टरने सगळ्यांना स्वतःच्या गालांवर दोन बोटं ठेवून गायला लावलं, जबडा किती उघडतोय ते तपासायला. माझा 'आ' तिला आवडतो. माझा 'ट' आवडत नाही. आपला 'ट' कडक, जीभ मागे वळवून मारलेला, माइकवर ठक्कन येतो.

आता टॅगबद्दल, कारण या मंडळींचं खरं जग तिथे आहे, रंगमंचावर नाही.

गाण्याच्या शेवटच्या एक-दोन ओळी, जिथे सगळ्यात रसाळ कॉर्ड्स असतात, त्यांना टॅग म्हणतात. लोकांनी हे शेवट गाण्यापासून तोडून वेगळे जपलेत. काही टॅग तर नुसते शेवटच आहेत, त्यांना मागे गाणं कधी नव्हतंच. स्पर्धेच्या किंवा शिबिराच्या हॉटेलात रात्री लॉबीत उतरा. जिन्याखाली, लिफ्टपाशी, बर्फाच्या मशीनशेजारी चार-चार माणसं समोरासमोर तोंड करून, गोल करून उभी. एकजण टॅग जाणणारी. ती प्रथम लीडला तिची ओळ म्हणून दाखवते, ती म्हणते. मग बेसला. मग टेनरला. बॅरिटोन ती स्वतः गाते. कागद काढणं कमीपणाचं समजतात. सगळं तोंडी, ऐकून, आपल्याकडे बाई समोर बसवून शिकवतात तसंच, फक्त पाच मिनिटांत. मग एकदा चौघी मिळून. बहुतेक वेळा पहिल्यांदा काहीतरी फसतं, हसतात, पुन्हा. एखाद्या टॅगमध्ये एकीने एकच स्वर शेवटपर्यंत धरून ठेवायचा असतो आणि बाकीच्या तिघी त्याच्याखाली कॉर्ड बदलत जातात. धरणारीचा श्वास संपत येतो, डोळे मोठे होतात, आणि बाकीच्या मुद्दाम आणखी हळू गातात. छळच तो.

ऐकणारं तिथे कोणी नसतं. ते लागतही नाही. शेवटची कॉर्ड वाजली की चौघी आधी ओरडतात, मिठ्या मारतात आणि त्यानंतर एकमेकींना नाव विचारतात. मी कॅनडातल्या एका निवृत्त बसचालक बाईबरोबर आणि एका सोळा वर्षांच्या पोरीबरोबर पहाटेपर्यंत गायलेय. त्या पोरीचं आडनाव मला अजून माहीत नाही. याच्याही पुढची पायरी म्हणजे वुडशेडिंग: कोणी काही बसवलेलं नाही, लीड एक चाल धरते आणि बाकीच्या तिघींनी तिथल्या तिथे आपापला स्वर शोधायचा. ते जमायला वर्षं जातात आणि ज्यांना जमतं ते इतरांकडे जरा वरूनच बघतात.

आता तिसरी शंका. ही दोन ओळींत निपटण्यासारखी नाही.

संख्येने बघाल तर हो, अजूनही गोरेच जास्त, आणि वयानेही वरचे. आमच्या रांगेत माझ्याखेरीज एक फिलिपिनो आणि एक कृष्णवर्णीय बाई आहे. पण हे गाणं मुळात गोऱ्यांचं नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत न्हाव्याची दुकानं, नाके, कट्टे इथे पोरंटोरं चार आवाजांत गायची. लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत गायचा. लिन अ‍ॅबट या संशोधकाने १९९२ मध्ये त्या काळच्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांतून आणि आठवणींतून पुरावे काढून हे मांडलं, तोवर पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं आणि गवती हॅट घातलेले मिशाळ गोरे हेच चित्र लोकांच्या डोक्यात होतं.

ते चित्र रुजवलं संघटनेने. ११ एप्रिल १९३८ ला ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ओवेन कॅश नावाचा करांचा वकील आणि रूपर्ट हॉल नावाचा गुंतवणूक व्यावसायिक, यांनी एका क्लबच्या गच्चीवर गायला लोक बोलावले. २६ जण आले. रूझवेल्टच्या काळात सरकारी खात्यांची लांबलचक नावं आणि त्यांची आद्याक्षरं फार झाली होती, त्यांची टर उडवायला यांनीही आपल्या मंडळाचं नाव हातभर लांब ठेवलं. आज ती संस्था बार्बरशॉप हार्मनी सोसायटी म्हणून ओळखली जाते आणि तिचं कार्यालय नॅशव्हिलला आहे. थट्टेत सुरू झालेलं मंडळ वाढलं, पण दार सगळ्यांना उघडं नव्हतं. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरच्या हमालांची 'रेड कॅप्स'ची चौकडी शहरातली स्पर्धा जिंकली आणि कृष्णवर्णीय म्हणून तिला सेंट लुईसच्या राष्ट्रीय स्पर्धेत येऊ दिलं नाही. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी निषेध म्हणून सोसायटीतली आपली पदं सोडली. नियम मात्र १९६३ पर्यंत टिकला. ज्यांच्याकडून गाणं घेतलं त्यांनाच बाहेर ठेवलं, हे मला सौम्य शब्दांत सांगता येत नाही.

बायकांचंही काही वेगळं नाही. नवरे गायला जातात आणि आम्ही काय करायचं, म्हणून टल्सातच १९४५ मध्ये एडना मे अँडरसन आणि तिच्या मैत्रिणींनी स्वीट अ‍ॅडलाइन्स सुरू केली. पुढे सभासद फक्त गोऱ्या बायकाच, असा नियम आला. तो न पटलेल्या बायका फुटून निघाल्या आणि १९५९ मध्ये हार्मनी इन्कॉर्पोरेटेड उभी राहिली. आजही दोन्ही संस्था आहेत, दोन्हींत कोणत्याही वर्णाच्या बाईला प्रवेश आहे. तुमच्या शेजारणीचा कोरस कोणत्या संस्थेचा आहे ते विचारून घ्या, एवढंच. २०१८ पासून पुरुषांची सोसायटीही बायकांना पूर्ण सभासद करून घेते, त्यामुळे मिश्र चौकड्याही आता खूप झाल्यात.

जुन्या गाण्यांत अजूनही कुठे कुठे तो काळ डोकावतो. दक्षिणेतल्या मळ्यांवरचं आयुष्य किती गोड होतं अशा अर्थाचं एक गाणं आमच्या फाइलमध्ये होतं. गोड कोणासाठी, असं त्या कृष्णवर्णीय मैत्रिणीने एका सरावात शांतपणे विचारलं. चर्चा झाली, मतदान झालं, गाणं काढलं. दोघीतिघींनी महिनाभर तोंड फुगवलं. कोरस म्हणजे शेवटी मंडळच, तुम्ही महाराष्ट्र मंडळ पाहिलं असेल तर यात नवीन काही दिसणार नाही: वर्गणी, कार्यकारिणी, पोशाख समिती, आणि पोशाख समितीवर नाराज असलेल्या बाकी सगळ्या.

पोशाखावरून आठवलं. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांना एकाच छटेची लाल लिपस्टिक आणि खोट्या पापण्या लावायला लागतील, याची मनाची तयारी ठेवा. मागच्या रांगेपर्यंत चेहरा पोचावा म्हणून. हातवारे, कमरेवर हात, डोळे मिचकावणं, हेही ठरवून बसवलेलं असतं. मला ते अजूनही अंमळ बटबटीतच वाटतं. आता कोरस हळूहळू साधे होत चाललेत, पण तुमचा कसा आहे ते बघून ठरवा. स्पर्धा मात्र बघण्यासारखी असते. प्रत्येक कोरसची दोनच गाणी, सगळी मिळून सहा-सात मिनिटांची, आणि त्यासाठी वर्षभर घाम. परीक्षक नंतर बसून चुका समजावून सांगतात, तो भाग मला बक्षिसापेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो. बायकांच्या विजेत्या चौकडीला खराखुरा मुकुट घालतात आणि त्यांना 'क्वीन' म्हणतात, आयुष्यभर. पुरुषांत २०१२ साली पहिल्यांदा अमेरिका-कॅनडाबाहेरची चौकडी जिंकली, स्वीडनची रिंगमास्टर्स. दोनच वर्षांनी न्यूझीलंडची म्युझिकल आयलंड बॉइज. त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, हेडफोन लावून ऐका.

वर्षभरात इतरही बरंच चालतं. वृद्धाश्रमात गाणं, बेसबॉलच्या सामन्याआधी राष्ट्रगीत, आणि १४ फेब्रुवारीला सिंगिंग व्हॅलेंटाइन. लोक पैसे भरून आपल्या माणसासाठी चौकडी पाठवतात. कोरसची तिजोरी त्या दिवशी भरते. आम्ही चौघी लाल स्कार्फ बांधून एका दातांच्या दवाखान्यात गेलो होतो, तिथल्या रिसेप्शनिस्टसाठी तिच्या नवऱ्याने पाठवलेलं. गुलाब दिला, पिच पाइप फुंकला, सुरू केलं. आतून ड्रिलचा आवाज थांबला, डॉक्टर हातमोज्यांसकट दारात आले आणि त्यांच्या मागे खुर्चीवर एक आजोबा तोंड तसंच उघडं ठेवून ऐकत होते. रिसेप्शनिस्ट रडली. त्या कोमल निषादावर का नवऱ्याच्या आठवणीवर, विचारायची सोय नव्हती.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण कोणीतरी तुम्हाला सुचवेलच: 'आपला अभंग बसवूया ना चार आवाजांत!' आम्ही गणपतीत करून पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कौतुक केलं, पण गाण्याला ते मानवत नाही. आपल्याकडे सा खुंटीला टांगलेला असतो आणि प्रत्येक स्वराला अर्थ येतो तो त्या सा पासूनच्या अंतराने. इथे प्रत्येक कॉर्डबरोबर पायाच सरकतो. मग राग राहत नाही, नुसती चाल उरते. गोव्याकडच्या कोणाला तुलनेने सोपं जातं, कारण मांडो ही तिथली कोंकणी गाणी मुळातच दोन आवाजांत गातात आणि चर्चच्या गायनामुळे शेजारच्याचा वेगळा स्वर कानात असताना आपला धरून ठेवायची सवय लहानपणापासून लागते. आपल्याला ती लावून घ्यावी लागते. पहिले दोन महिने तुम्ही नकळत लीडच्या चालीकडे घसराल.

म्हणूनच सांगते, लीड मागू नका. चाल लगेच उचलता म्हणून तुम्हाला तीच देतील आणि तुम्ही आधी जे करत होता तेच वेगळ्या शब्दांत करत राहाल. आवाज खाली जात असेल तर बेस, नाहीतर बॅरिटोन. क्लासमध्ये काळी चारच्या उंच पट्टीला ओढून गाताना ज्यांचा गळा आवळायचा अशा माझ्यासारख्यांना बेस म्हणजे माहेर आहे. भरती करून घेताना आधी काही आठवडे पाहुणी म्हणून गाऊ देतात, मग एक गाणं चौघींत उभं करून ऐकतात, प्रत्येक भागाला एकच आवाज. परीक्षा एवढीच.

मंगळवारी जाताना सपाट बूट घाला, दोन-अडीच तास रायझरच्या पायऱ्यांवर उभं राहायचंय. पाण्याची बाटली न्या. सेंट लावू नका, बऱ्याच कोरसमध्ये मनाई असते. फोनवर रेकॉर्ड केलेलं चालेल का ते आधी विचारा, बहुधा हो म्हणतील. आणि मध्यंतरात कोणी 'टॅग गाणार का?' म्हणालं तर बिस्किट खाली ठेवून जा, त्यासाठी सभासद असावं लागत नाही.